शिक्षकांना वर्गात तंत्रज्ञान वापरायला कसं तयार करावं?

तुम्ही विचारलंय : "आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत सुलभक (सत्र घेणारा) म्हणून माझं नाव दिलंय. तीसेक शिक्षक, दोन तास, विषय तंत्रज्ञान. नेमकं काय घेऊ?"

ॲप घेऊ नका. एक पाठ घ्या.

मी पाटण तालुक्यात झेडपी शाळेवर आहे. एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा आम्ही सगळ्यांनीच केलीय, वेतनवाढ अडकू नये म्हणून. त्यानंतरची प्रशिक्षणंही पुष्कळ झाली. हॉल भरलेला, पुढे स्लाइडमागून स्लाइड, शेवटी लिंक भरायची आणि ग्रुपवर फोटो टाकायचा. शाळेत परत यावं तर लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही क्रोशाच्या रुमालाखाली आणि रिमोट पोषण आहाराच्या रजिस्टरांमागे कपाटात.

मला यातलं खरं गणित कळलं ते शेजारच्या शाळेतल्या बाईंमुळे. "सर, चंद्रकलांचा व्हिडिओ लावते, पोरं टक लावून बघतात, आणि विचारलं की एकजण बोलेल तर शपथ." मग आम्ही दोघं त्यांच्या वर्गात बसलो. व्हिडिओ सुरू झाला की लगेच थांबवायचा आणि विचारायचं, पौर्णिमेला सूर्य कुठे असेल, वहीत काढा. निम्म्या पोरांनी सूर्य चंद्राच्या शेजारी काढला. एकजण ठामपणे म्हणाला, पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र कमी होतो. (खरं सांगतो, हे मला डी.एड. झालेल्या माणसांकडूनही ऐकायला मिळालंय. ते ग्रहणाचं झालं, कलांचं नव्हे.) मग खिडक्या लावल्या, बॅटरीचा झोत एका बाजूने, पोराच्या हातात रबरी चेंडू, आणि तो स्वतःभोवती फिरला. पाठ बॅटरीकडे, चेंडू डोक्याच्या थोडा वर, तेव्हा चेंडू पूर्ण उजळला. त्यानंतर उरलेला व्हिडिओ लावला, तर पोरंच आधी सांगत होती पुढे काय येणार ते.

बाईंना टीव्ही चालवता येतच होता. पॉज कुठे दाबायचं, एवढंच राहिलं होतं.

म्हणून परिषदेत प्रत्येकाला पुढच्या आठवड्यात शिकवायचा पाठ, पुस्तकासकट आणायला सांगा. त्यात पोरं कुठे अडतात ते आधी लिहून घ्या. मग ठरवा, इथे पडदा लागतो का. बल्ब, सेल आणि वायर हाताशी असताना परिपथ टीव्हीवर दाखवणं म्हणजे पोरांच्या हातातला खेळ काढून घेणं. अपूर्णांकांना मात्र कोलोराडो विद्यापीठाचं 'फेट' (पडद्यावर हाताळून बघायचे प्रयोग) छान चालतं. मराठीत आहे, फुकट आहे, उतरवून ठेवलं की नेट लागत नाही. आमच्याकडे जुलैत लाइट आणि रेंज दोन्ही पाहुण्यासारखे येतात, त्यामुळे दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचंही सगळं आधीच डाउनलोड करायची सवय लावा.

पुस्तकातल्या क्यूआर कोडचंच बघा ना. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले यांनी ते आधी आपल्या वर्गासाठी केलं, राज्याच्या पुस्तकांत ते नंतर आलं. त्यांना मिळालेला २०२०चा ग्लोबल टीचर प्राइझ हा पुरस्कार तर त्याच्याही नंतरचा.

दोन तासांत तीन-चार जणांचेच पाठ पुरे होतील, होऊ द्या. पंधरा दिवसांनी त्यांच्यापैकी एकाच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसा, केंद्रप्रमुखांना न घेता. साहेब असले की नमुना पाठ होतो.

आणि एचडीएमआय केबल घरूनच न्या. शाळेतली कुलपात असते आणि किल्लीवाले सर हमखास रजेवर.