नागपुरात शिडाच्या बोटी सुरू करायच्या तर कोणता क्लास (म्हणजे बोटीचा प्रकार) घ्यावा? जुने क्लास इतकी वर्षं कसे टिकतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: अंबाझरी तलावावर दहा-बारा मुलांसाठी चार-पाच जुन्या बोटी घ्यायच्या तर कोणत्या, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या बोटी अजून शर्यतीत कशा. माझ्या मते दोन्हींचं उत्तर एकच. बोट किती वेगवान आहे ते सोडा, तिच्या बरोबरीला स्टार्ट लाइनवर तशाच किती बोटी येतात ते मोजा.

वन-डिझाइनमध्ये सगळ्यांची बोट एकाच मापाची, म्हणजे पैसा जास्त त्याची बोट पुढे असं होत नाही. १८८७ साली डब्लिनला वॉटर वॅग निघाली ती याच विचाराने. पण माप जिथे थोडं सैल सुटतं तिथून खर्च आत शिरतो. युरोप क्लासचं पाहा. १९९२ ते २००४ महिलांची ऑलिम्पिक बोट होती, पण प्रत्येकीला आपल्या वजनाला जुळणारी डोलकाठी शोधावी लागे. २००८ ला तिच्या जागी लेझर रेडियल, म्हणजे लेझरचीच मधल्या शिडाची बोट, आली, आणि बऱ्याच देशांतल्या मुली तिकडे वळल्या. लेझरचं गणित साधं: ब्रूस कर्बीने आखलेली, १९७१ ला बाजारात आलेली, सव्वाचार मीटरची. हल (बोटीचं धड) तीच ठेवून शीड आणि डोलकाठीचा खालचा भाग बदलला की चौदा वर्षांच्या मुलीपासून ऐंशी किलोच्या गड्यापर्यंत सगळे बसतात. २०१९ मध्ये बांधणीच्या हक्कांवरून वाद झाला, नाव बदलून आयएलसीए झालं, तरी क्लास मोडला नाही. लोकांच्या अंगणात बोटी होत्या ना!

आता नागपूर. तुमची मुलं शर्यतीला जाणार ती भोपाळच्या मोठ्या तलावावर किंवा हैदराबादच्या हुसेनसागरावर. दोन्हीकडे ऑप्टिमिस्ट (लहान मुलांची एकट्याने चालवायची बोट) आणि आयएलसीए चालतात. हांगझोऊ आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूरने आयएलसीए ४ (त्याच हलवर सगळ्यात लहान शीड) मध्येच रौप्य घेतलं, ती भोपाळला शिकलेली. म्हणून पंधरा वर्षांपर्यंत ऑप्टिमिस्ट, पुढे आयएलसीए ४. एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये एंटरप्राइज असते; जॅक होल्टची १९५६ ची, निळ्या शिडाची, दोघांची बोट. कॉलेजच्या पोरांना ती चांगली, पण लहानग्यांना जड जाते.

जुनी ऑप्टिमिस्ट घेताना वजनकाटा सोबत न्याच. हलचं किमान वजन ३५ किलो. दोन दिवस उन्हात वाळवूनही ४० भरली तर फोममध्ये पाणी मुरलंय, ती घेऊ नका. बोट तरंगती ठेवणाऱ्या तिन्ही हवेच्या पिशव्या फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ पडली ती बदला. शीड डोलकाठीला दोऱ्यांनी बांधतात, त्यात १० मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही. मुलं घाईत सैल बांधतात आणि शर्यतीच्या मोजणीत अडकतात, म्हणून पहिल्या दिवसापासून पट्टी लावून बांधायला शिकवा.

आयएलसीएत सगळ्यात आधी डोलकाठी जिच्यात बसते ती डेकमधली खाच बघा. खाच पाण्याने भरा, पेन्सिलने रेघ मारा, पंधरा मिनिटं थांबा. पाणी उतरलं तर आतला जोड सुटतोय, आणि वाऱ्याच्या एखाद्या जोरदार झोतात डोलकाठी डेक फाडून बाहेर येईल. खाचेत वाळूही नको. डोलकाठी प्रत्येक वळणाला फिरते, वाळूचा कण तळ घासत राहतो. डोलकाठीचा वरचा पाइप सपाट फरशीवर लोळवा. डगमगला तर वाकलाय. रिव्हेटभोवती केसाएवढी चीर दिसली तरी घेऊ नका, तो तिथेच तुटतो.

इथला वारा बहुतेक महिने मंद, आणि मे-जूनमध्ये वादळाआधी अचानक अंगावर येणारा. मुलांना वारा वाढायच्या आत बोट काठावर आणायची सवय लावा. जलपर्णी डॅगरबोर्डला (बोटीतून खाली पाण्यात सोडलेल्या फळीला) अडकून बोट जागीच थबकते. बोर्ड क्षणभर वर घ्या, पानं सोडवा, पुन्हा खाली. आणि पंचेचाळीस अंशांचं ऊन: बंद हलमधली हवा तापून फुगते, जोड उकलतात. बोट काठावर आली की आधी मागचं बूच उघडायचं, मग शीड उतरवायचं. ऑप्टिमिस्टच्या पिशव्यांतली थोडी हवाही तेव्हाच सोडा.