पहिला कुर्ता बेतण्याआधी

ताई, शिवण शिकायला कोणतं शिलाई मशीन घेऊ असं विचारलंत, पण महागडं मशीन नंतर बघा. आधी ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून दोन मीटर मांजरपाट (साधं जाडसर सुती कापड) आणा आणि रात्रभर पाण्यात भिजवा. सुती कापड आटतं. मी न भिजवताच बेतलेला पहिला कुर्ता एका धुण्यात काखेत असा आवळला की हात वर होईना.

आत्ता एवढंच सांभाळा:

- कापडाच्या कात्रीने कागद कापू नका, धार जाते.
- साध्या सुतीला 14 नंबरची सुई, मलमलला 11. टाके सुटले तर मशीन दुरुस्तीला नेण्याआधी सुई बदलून बघा.
- बाजूच्या शिवणीला इंचभर माया, म्हणजे शिवणीबाहेर जास्तीचं कापड, ठेवा. उसवून सैल करता येतं.
- प्रत्येक शिवणीवर लगेच इस्त्री फिरवा. नवीन माणसं नेमकी हीच पायरी गाळतात.

चेन, कॉलर, काज सध्या नकोत. अभ्रे शिवा, मग परकर. हात सरळ चालायला लागला की कुर्ता घ्या, गळ्याचं मी सांगेन.