बायोलॉजी आणि केमिस्ट्रीमधले सारखे वाटणारे शब्द सारखे उलटसुलट होतात, पाठांतर करूनही. हे कायमचं कसं सुटेल?

तुम्ही लिहिलंय की मायटोसिस-मायोसिस (पेशी विभाजनाचे दोन प्रकार), स्ट्राँग-कॉन्सन्ट्रेटेड, आयसोटोप-आयसोमर यांचे तक्ते केले, पाठांतराच्या ट्रिक्स करून बघितल्या आणि तरी परीक्षेत उलटंच लिहिलं जातं. मी हे दोन्ही विषय बरीच वर्षं शिकवतोय आणि माझं स्पष्ट मत आहे की यात तुमच्या स्मरणशक्तीचा काही दोष नाही, दोष त्या "फरक स्पष्ट करा" वाल्या तक्त्याचा आहे. दोन शब्द शेजारी शेजारी दोन रकान्यांत टाकले की डोक्यात बसतं की हे एकमेकांच्या विरुद्ध आहेत, आणि बहुतेक वेळा तसं नसतंच मुळी. दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात. म्हणून प्रत्येक शब्दाला आधी एवढंच विचारा, की बाबा तू नक्की कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहेस?

स्ट्राँग आणि कॉन्सन्ट्रेटेडच घ्या. कॉन्सन्ट्रेटेड म्हणजे पाण्यात ॲसिड किती घातलंय. स्ट्राँग म्हणजे त्या ॲसिडच्या रेणूंचा तुटून हायड्रोजन आयन सोडण्याकडे कल किती आहे. पहिली गोष्ट तुमच्या हातात आहे, पाणी ओता की बदलली, दुसरी त्या ॲसिडचा स्वभाव आहे, ती पाणी ओतून बदलत नाही. आता ०.१ मोलर (मोलर म्हणजे एका लिटरमध्ये किती मोल) ॲसिटिक ॲसिड घ्या आणि शेजारी ०.००१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड ठेवा. पहिल्याचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) येतो साधारण २.९ आणि दुसऱ्याचा ३, म्हणजे जवळजवळ सारखाच, कारण ॲसिटिकचे शंभरातले जेमतेम सव्वा-दीड रेणू तुटतात आणि हायड्रोक्लोरिकचे सगळेच्या सगळे. पण दोन्हींचं सारखंच माप घेऊन न्यूट्रल करायला गेलात तर ॲसिटिकला शंभरपट सोडियम हायड्रॉक्साइड लागतं, कारण अल्कली घालत गेलं की न तुटलेले रेणूही तुटत जातात आणि शेवटी हिशोब एकूण किती ॲसिड होतं त्याचाच होतो. हे एक उदाहरण स्वतः कागदावर सोडवलंत ना, तर स्ट्राँग, कॉन्सन्ट्रेटेड आणि पीएच या तीन गोष्टी तीन वेगळ्या आहेत हे परत कोणी सांगावं लागणार नाही.

आणि कृपया वीक म्हणजे निरुपद्रवी असं कधीच समजू नका. हायड्रोफ्लोरिक ॲसिड पाण्यात वीक ॲसिड आहे, पण कातडीतून आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि त्याने माणसं दगावली आहेत. लॅबमध्ये हा गोंधळ मार्कांपुरता राहत नाही म्हणून मुद्दाम सांगतोय.

बायोलॉजीत हाच प्रकार आर्टरी आणि व्हेनचा. "आर्टरीत शुद्ध रक्त, व्हेनमध्ये अशुद्ध" हे सगळ्यांना पाठ असतं आणि मग पल्मनरी आर्टरी आली की सगळे अडखळतात, तिला "अपवाद" म्हणून वेगळी चौकट करून लिहितात. अहो अपवाद नाहीच तो! आर्टरी म्हणजे हृदयाकडून बाहेर नेणारी, व्हेन म्हणजे हृदयाकडे आणणारी, बास, रक्तात ऑक्सिजन किती हा प्रश्न त्या नावांनी घेतलेलाच नाहीये. पल्मनरी आर्टरी हृदयाकडून फुप्फुसाकडे जाते म्हणून आर्टरी. पोटातल्या बाळाच्या नाळेतली अम्बिलिकल व्हेन ऑक्सिजनवालं रक्त आणते पण बाळाच्या हृदयाकडे आणते म्हणून व्हेन. माझा अनुभव असा की जिथे अपवाद पाठ करायची वेळ येते तिथे बऱ्याचदा व्याख्याच चुकीची पाठ झालेली असते.

श्वासोच्छ्वास आणि श्वसन पटकन सांगतो. पहिला म्हणजे हवा आतबाहेर करणं, दुसरं म्हणजे पेशीत अन्नातून ऊर्जा काढणं. यीस्टला फुप्फुस नाही तरी श्वसन चालूच. वनस्पतींचं श्वसन दिवसरात्र चालू असतं, "फक्त रात्री" हे चूक आहे, दिवसा प्रकाशसंश्लेषण जास्त जोरात असल्यामुळे ते झाकलं जातं इतकंच.

आता आयसोटोप, आयसोमर आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी ॲलोट्रोप, कारण तिघं एकत्रच गोंधळ घालतात. इथे विचारायचं की फरक नक्की कुठल्या पातळीवर आहे. आयसोटोपचा फरक अणूच्या केंद्रकात, प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन कमीजास्त, जसं कार्बन-१२ आणि कार्बन-१४. आयसोमरचा फरक रेणूच्या जोडणीत किंवा मांडणीत, म्हणजे दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन एवढंच सामान घेऊन एका पद्धतीने जोडलं तर इथेनॉल होतं जे ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, आणि ऑक्सिजन दोन कार्बनच्या मध्ये बसवला तर डायमिथाइल इथर होतं जे उणे २४ लाच उकळतं, म्हणजे एक द्रव आणि दुसरा चक्क वायू. ॲलोट्रोपमध्ये मूलद्रव्य एकच, अणूंची मांडणी वेगळी, हिरा आणि ग्रॅफाइट. आणि पातळ्या वेगळ्या आहेत म्हणूनच एका वस्तूबद्दल दोन्ही शब्द एकाच वेळी वापरता येतात. नैसर्गिक कार्बनमध्ये साधारण १.१ टक्के कार्बन-१३ असतो, तो जवळजवळ सगळा काढून टाकून निव्वळ कार्बन-१२ चे हिरे प्रयोगशाळेत बनवतात आणि ते नेहमीच्या हिऱ्यापेक्षा उष्णता जास्त चांगली वाहून नेतात. ॲलोट्रोप तोच, आयसोटोपचं प्रमाण वेगळं. मला हे उदाहरण फार आवडतं.

मायटोसिस-मायोसिसवर मात्र थोडा वेळ घालवाच. "शरीराच्या पेशीत मायटोसिस, प्रजननासाठी मायोसिस" हे माणसापुरतं चालतं पण ती व्याख्या नाही. खरा प्रश्न असा की वेगळं काय होतंय? माणसाच्या पेशीत ४६ क्रोमोसोम (गुणसूत्रं), म्हणजे आईकडून २३ आणि वडिलांकडून तसेच २३, अशा २३ जोड्या. विभाजनाआधी डीएनएची कॉपी होते, प्रत्येक क्रोमोसोमला दोन सिस्टर क्रोमॅटिड (एकसारख्या दोन प्रती) येतात, क्रोमॅटिड ९२ झाले तरी क्रोमोसोम ४६ च मोजायचे कारण मोजणी सेंट्रोमिअरने, म्हणजे त्या दोन प्रती जिथे जोडलेल्या असतात त्या जागेने होते (निम्मा गोंधळ इथेच होतो, थांबून नीट बघा). मायटोसिसमध्ये त्या सिस्टर वेगळ्या होतात, दोन पेशी, दोघींत ४६. मायोसिसच्या पहिल्या फेरीत सिस्टर चिकटलेल्याच राहतात आणि जोड्या फुटतात, आईकडचा एकीकडे, वडिलांकडचा दुसरीकडे, त्यामुळे आकडा ४६ वरून २३ वर इथेच येतो. दुसऱ्या फेरीत सिस्टर वेगळ्या होतात, ती फेरी बरीचशी मायटोसिससारखीच, फक्त २३ वर चालणारी. मधे डीएनएची कॉपी परत होत नाही. म्हणजे लक्षात ठेवायचं ते एवढंच, की जोडी फुटली का?

हे पक्कं झालं की मधमाशीचा नर बघा. तो निषेचन न झालेल्या अंड्यातून येतो, त्याच्याकडे १६ च क्रोमोसोम, राणीकडे ३२. त्याच्याकडे फोडायला जोड्याच नाहीत, त्यामुळे तो शुक्रपेशी बनवतो त्या संख्या न घटवता, त्यांच्यातही १६ च. मॉस या छोट्या वनस्पतीच्या हिरव्या रोपाचंही तसंच, ते आधीच हॅप्लॉइड (क्रोमोसोमचा एकच संच असलेलं) असतं म्हणून त्याच्या प्रजननपेशी मायटोसिसने होतात. पाठ केलेलं वाक्य इथे तुटतं, प्रश्न विचारणारा तुटत नाही.

अजून एक जोडी तुम्ही लिहिली नाहीत पण तिच्यात भले भले चुकतात, डॉमिनंट-रिसेसिव्ह, कारण डॉमिनंट म्हणजे जास्त आढळणारं असं समजतात. ओ रक्तगट रिसेसिव्ह आहे आणि जगात सगळ्यात जास्त तोच सापडतो. हंटिंग्टनचा आजार (मेंदूचा एक आनुवंशिक आजार) डॉमिनंट आहे आणि दुर्मिळ आहे. डॉमिनंट हे फक्त एवढंच सांगतं की दोन वेगळे ॲलील (एकाच जनुकाची वेगवेगळी रूपं) एकत्र आले तर दिसणार कोण, लोकसंख्येत किती जणांकडे ते ॲलील आहे हा हिशोबच वेगळा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांमध्येसुद्धा हा वाद झाला होता, आखूड बोटं डॉमिनंट आहेत तर काळाच्या ओघात ती सगळीकडे का पसरत नाहीत असा, आणि १९०८ मध्ये गणितज्ञ जी. एच. हार्डीने छोट्याशा गणिताने दाखवून दिलं की बाहेरून काही दबाव नसेल तर प्रमाण आहे तसंच राहतं. आज ते हार्डी-वाइनबर्ग तत्त्व म्हणून शिकवतात.

अभ्यासाला म्हणाल तर दोन रकान्यांचा तक्ता सोडा आणि चार चौकटी काढा. आडवं स्ट्राँग-वीक, उभं कॉन्सन्ट्रेटेड-डायल्यूट (पातळ केलेलं), आणि चारही चौकटीत एकेक खरं उदाहरण भरा. डॉमिनंट-रिसेसिव्ह आणि कॉमन-दुर्मिळचं तसंच करा, आर्टरी-व्हेन आणि ऑक्सिजन जास्त-कमीचंही. वर दिलेली उदाहरणं तुम्हाला एकेका चौकटीत बसवता येतील, उरलेल्या पुस्तक उघडून स्वतः शोधा. आणि एखादी चौकट कितीही शोधून रिकामीच राहिली, तर ती का रिकामी आहे हेसुद्धा शोधा, कारण मग ते दोन प्रश्न खरंच एकमेकांत अडकलेले असू शकतात.