संशोधनाच्या रकान्यात प्रश्न लिही

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा पीएच.डी.चा अर्ज वाचला. 'संशोधनाचे विषय' या रकान्यात तू चार नावं लिहिली आहेस : विकासाचं अर्थशास्त्र, श्रमाचं अर्थशास्त्र, लिंगभाव, हवामानबदल. यातलं एकही चुकीचं नाही. पण एवढं वाचून तू नक्की काय शोधणार आहेस, ते मला कळलं नाही, आणि निवड समितीलाही कळणार नाही. कुठल्याही विद्यापीठातल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांची माहिती उघड, हीच नावं सापडतील. ती वर्गवारीसाठी असतात. अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांच्या संघटनेने तर सगळ्या शास्त्राला इंग्रजी अक्षरं वाटून दिली आहेत : जे म्हणजे श्रम, ओ म्हणजे विकास, क्यू म्हणजे शेती आणि पर्यावरण. लेख शोधायला ती फार उपयोगी. पण 'जे' या अक्षरापायी कोणी पाच-सहा वर्षं झिजत नाही. माणूस झिजतो तो प्रश्नापायी.

पुण्याचंच उदाहरण घे. गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 साली भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्न साधा होता : पोटाला पुरेसं खायला किती खर्च येतो, आणि तेवढाही खर्च करू न शकणारे देशात किती आहेत? दिवसाला 2250 उष्मांक धरले, राष्ट्रीय नमुना पाहणीतून खर्चाचे आकडे घेतले आणि 1960-61च्या किमतींना ग्रामीण भागासाठी दरडोई महिना 15 रुपये, शहरासाठी साडेबावीस रुपये अशी रेषा आखली. खेड्यातले सुमारे 40 टक्के आणि शहरातले 50 टक्के लोक त्या रेषेखाली निघाले.

मग पां. वा. सुखात्मे उभे राहिले. मोठे संख्याशास्त्रज्ञ, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत वर्षानुवर्षं काम करून पुण्यात आलेले. त्यांचं म्हणणं असं : एकाच निरोगी माणसाचं खाणंसुद्धा दिवसागणिक कमीजास्त होतं आणि शरीर त्याच्याशी जुळवून घेतं. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरला, तर उपाशी माणसांची संख्या फुगते. दांडेकरांना हे मान्य नव्हतं. वाद कित्येक वर्षं चालला. तो तू मुळातून वाच, दोन्ही बाजूंनी. दोघांनाही भुकेविषयी तळमळ होती, दोघांचाही आकड्यावर हात पक्का होता, तरी उत्तरं वेगळी आली, कारण 'गरज' कशी मोजायची इथेच मतभेद होता. माझ्या मते अर्थशास्त्रातलं खरं काम तिथे असतं. समीकरणं त्यानंतर येतात, आणि ती तुला येतातच.

रथांनी तर हा प्रश्न सोडलाच नाही. 1985 साली त्यांनी गरिबांना कर्जातून गायीम्हशी देणाऱ्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कठोर चिकित्सा केली आणि मजुरीच्या कामावर भर द्या, असं मांडलं. त्याआधीच दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली होती, 1977 साली तिचा कायदाही झाला होता. म्हणजे प्रश्न एकच, पण तो उष्मांकांपासून रस्त्यावरच्या खडी फोडण्याच्या कामापर्यंत गेला.

आता तुझ्याकडे येते. एम.ए.च्या प्रबंधिकेत तू ऊसतोडीवर लिहिलं होतंस. अर्जात त्याचा उल्लेख एका ओळीत, तोही तळाला. का? 'स्थानिक' वाटेल म्हणून? तुझ्याइतकं बीडमधलं ते जग ओळखणारे अर्थशास्त्र विभागांत फार थोडे आहेत. मजुरी टनावर, आणि ती 'कोयत्या'ला, म्हणजे नवराबायको मिळून एक. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादमाकडून म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून आधीच घेतलेली. कामावर नाही गेलं की खाडा, त्याचा दंड. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. 2019 साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा आरोग्याबरोबर या मजुरीच्या रीतीवरही बोट ठेवलं गेलं होतं. कराराची रचना बाईच्या शरीरापर्यंत कशी पोचते, हा प्रश्न जगातल्या कुठल्याही विभागात मांडता येईल. तुझ्या चारपैकी तीन शाखा त्यात आपोआप येतात. हवामानबदल तूर्त काढून टाक.

दुसरा प्रश्न याहून अवघड, मला तो जास्त आवडतो. कोयत्याला मिळालेल्या पैशातला बाईचा वाटा किती? श्रमबलाच्या पाहणीत माणसं एकेकटी मोजतात, आणि इथे मजुरी जोडप्याची. शिवाय हंगामात घराला कुलूप, कुटुंब कारखान्याच्या परिसरात कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. त्यांना कुठल्या गावात मोजायचं? नमुना पाहणीच्या कार्यकर्त्यांसाठीच्या सूचनापुस्तिका उपलब्ध आहेत. त्यात 'कुटुंब' आणि 'नेहमीचं वास्तव्य' यांच्या व्याख्या शब्दन् शब्द वाच. आकडेवारी उतरवून घेण्याआधी हे कर.

ज्या कारखान्यांसाठी ही माणसं राबतात, त्यांच्या इतिहासातही आपल्या विषयाची माणसं आहेत. गोखले संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ हे विठ्ठलराव विखे पाटलांनी उभारलेल्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे सुरुवातीची वर्षं अध्यक्ष होते. सभासद शेतकऱ्याच्या बाजूने सहकाराचा अभ्यास भरपूर झाला. तोडणाऱ्याच्या बाजूने तुला करण्याजोगं पुष्कळ उरलं आहे.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या विषयांच्या यादीवर जाऊ नकोस. शेवटचे तीन लेख वाच आणि बघ, ते माहिती कुठून आणतात, स्वतः गावात जातात का, आपल्याच निष्कर्षाला आडवे प्रश्न विचारतात का. मग त्यांना पत्र लिही, त्यात त्यांच्या एखाद्या लेखाबद्दलची खरी शंका असू दे.

रकाना पुन्हा लिही. दोन वाक्यांत प्रश्न, एका वाक्यात तो कशाने मोजणार ते. शाखांची नावं त्याखाली राहू देत. रविवारपर्यंत पाठवलंस तर सोमवारी फोनवर बोलू. सूचनापुस्तिका तेवढ्यात वाचून झाली असेल तर फारच बरं.

तुझी,
मॅडम