प्रथिनं किती? वाण्याची यादी बघा

प्रश्न : घरात आम्ही चौघं, सगळे शाकाहारी. दोन्ही वेळा वरण असतंच. तरीही माझ्या आहारात प्रथिनं कमी आहेत, असं सांगण्यात आलं. माझं वजन ६० किलो आहे. रोज वरण खाऊनही कमी कशी पडतात? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : वाटी किती भरली ते बघू नका. महिन्याच्या यादीत सगळ्या डाळी-कडधान्यं मिळून किती किलो असतात, ते बघा. तीन किलो असतील, तर माणशी रोज २५ ग्रॅम झाली. तूरडाळीत १०० ग्रॅममागे साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे तुमच्या वाट्याला जेमतेम साडेपाच ग्रॅम येतात, मग वरण दोनदा वाढा की चारदा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, पण ती उत्तम प्रतीची. जेवण मुख्यतः धान्यावर असेल, तर १ ग्रॅम धरावं. तुमच्यासाठी ६० ग्रॅम. ती अशी जमतात : कोरड्या वजनाने ८० ग्रॅम डाळी-कडधान्यांतून सुमारे १८, पाव किलो धान्यातून २५, ३०० मिलीलिटर दुधा-दह्यातून १० आणि मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाण्यांतून ७. चौघांसाठी महिन्याला साडेनऊ-दहा किलो डाळी-कडधान्यं लागतील. आकडा ऐकून दचकायला होतं, पण नुसतं वरण दाट करून तो गाठता येत नाही. पिठलं, उसळ, मुगाचं धिरडं, भाजणीचं थालीपीठ, मुटके यांना रोज जागा द्यावी लागते.

ज्वारी, बाजरी, तांदूळ यांत लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनं ज्यांची बनतात, त्या घटकांपैकी एक) कमी असतं, ते डाळींत भरपूर असतं. डाळींत मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी असतं, ते धान्यांत आणि तिळात मिळतं. म्हणून पिठलं-भाकरी हा जोड पक्का. दोन्ही एकाच घासात हवं असं मात्र नाही, दिवसभरात पोटात गेलं की पुरे.

प्रश्न : गव्हात सोयाबीन घालून दळलं. पोळ्यांना उग्र वास येतो, घरात कुणी खात नाही. गिरणीवालाही कुरकुरतो. काय चुकलं? (एक वाचक, लातूर)

उत्तर : सोयाबीन बहुधा कच्चंच दळलं गेलं, किंवा आधी गार पाण्यात भिजवलं गेलं. दाणा फुटून ओला झाला की त्यातलं एक विकर (एन्झाइम) तेलावर काम करतं आणि तो वास तयार होतो. उकळतं पाणी त्या विकराला आधीच थांबवतं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारा घटकही असतो, आणि पोळी तव्यावर मिनिटभर भाजून तो जात नाही.

सोयाबीनच्या तिप्पट पाणी खळखळ उकळा, निवडलेले कोरडे दाणे थेट त्यात टाका आणि २० मिनिटं उकळू द्या. पाणी फेकून दाणे कडक उन्हात पूर्ण वाळवा. दातांखाली कटकन फुटला तर वाळला समजा. ओलसर राहिला तर पिठाला बुरशी धरते. ९ किलो गव्हाला १ किलो सोयाबीन घ्या, जास्त नको. दोन्ही मिसळूनच दळायला द्या. सोयाबीनमध्ये १८-२० टक्के तेल असतं, नुसतं दळलं तर जातं चिकटतं. गिरणीवाल्याची कुरकुर रास्त आहे. त्याच तेलामुळे पीठ खवट होतं, म्हणून पंधरवड्यापुरतंच दळा. कणीक थोडी सैल भिजवून २० मिनिटं झाकून ठेवा, नाहीतर पोळी कडेला चिरते.

१०० ग्रॅम पिठातली प्रथिनं साधारण साडेदहावरून तेरा ग्रॅमवर जातात आणि गव्हात कमी असलेलं लायसिन वाढतं, हा खरा फायदा. थायरॉइडची गोळी चालू असेल, तर ती आणि सोयाबीन यांत चार तासांचं अंतर ठेवा.

प्रश्न : मोड आले की मटकीतली प्रथिनं दुप्पट होतात का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाही. १०० ग्रॅम मटकी मोड आल्यावर अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरते, वाढतं ते पाणी. फायदा वेगळा आहे : लोह अडवून धरणारं फायटेट घटतं, त्यामुळे लोह जास्त शोषलं जातं, क जीवनसत्त्व तयार होतं, वायू धरणाऱ्या शर्करा कमी होतात. मोड बुळबुळीत झाले, आंबूस वास आला, तर पाणी नीट निथळलेलं नाही. ती मटकी टाकून द्या. गणंग (न भिजणारे, कडक) दाणे आधीच वेचा. गर्भवती, लहान मुलं आणि वृद्धांना मोड वाफवूनच द्या, कारण दमट उबेत जंतूही वाढतात.

प्रश्न : सोयाच्या वड्यांच्या पाकिटावर ५२ टक्के प्रथिनं लिहिलेली असतात. ते खरं धरायचं का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : हो, पण कोरड्या वड्यांसाठी. भिजून त्या फुगतात, म्हणून वजन आधीच करा : ३० ग्रॅम वड्यांतून सुमारे १५ ग्रॅम मिळतात. मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळून घट्ट पिळा, मगच रश्श्यात टाका. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर किती खायच्या ते डॉक्टरांना विचारा.