तैलरंगात ऐतिहासिक प्रसंग रंगवायचे आहेत, तर आधी निसर्गचित्र शिकावं का?

तुम्ही खानापूर तालुक्यातल्या खेड्यात राहता, नोकरी सांभाळून चित्रकला शिकायची आहे, शाळेनंतर ब्रश हातात धरलेला नाही, आणि मनात पावनखिंड नि कित्तूरची लढाई आहे. थेट माणसं-घोडे काढायला घ्यावेत की आधी निसर्गचित्र, आणि बेळगावात क्लास लावावा का, असं विचारलंय.

आधी निसर्गचित्रच. ते सोपं असतं म्हणून नव्हे. ऐतिहासिक चित्रात निम्म्याहून जास्त कॅनव्हास आभाळ, डोंगर आणि जमिनीनेच भरलेला असतो, आणि प्रसंग खरा वाटतो तो त्यांच्यामुळे.

पावनखिंडीचंच घ्या. कॅलेंडरांवरच्या कितीतरी पावनखिंडींत मागे केशरी आभाळ आणि पायाखाली धूळ असते. तारीख आहे १३ जुलै १६६०, म्हणजे ऐन आषाढ. सह्याद्रीत आषाढात धूळ कुठली हो! चिखल, धुकं, भिजून काळा पडलेला कातळ, अंगाला चिकटलेली बाराबंदी. सावली जवळजवळ नाहीच, कारण ढगाळ उजेड सगळीकडून सारखा येतो. हा उजेड बघायला विशाळगडापर्यंत जायलाच हवं असं नाही. जुलैत जांबोटीवरून कणकुंबीकडे निघा. तोच सह्याद्री, तोच पाऊस. गाडीत नाहीतर एखाद्या चहाच्या हॉटेलच्या पडवीत बसून पेन्सिल आणि जलरंगात टिपणं करा. ऑइल पावसात बाहेर काढायच्या फंदात पडू नका. जवळच्या झाडात आणि ओढ्यापलीकडच्या झाडात रंगाचा किती फरक पडतो, चिखल उजळ की आभाळ, एवढं जरी टिपून आणलंत तरी घरी बसून पावनखिंड रंगवताना कामाला येईल.

कित्तूरचं सगळं उलटं. राणी चेन्नम्माच्या सैन्याशी लढताना इंग्रजांचा कलेक्टर थॅकरे पडला तो २३ ऑक्टोबर १८२४ रोजी. पाऊस सरत आलेला, हवा धुतलेली, गवत शेंड्याला पिवळं नि बुडाशी हिरवं. किल्ल्याचे अवशेष आणि संग्रहालय तिथेच आहे. ऑक्टोबरातच जा, फक्त उत्सवाच्या गर्दीचे दिवस टाळा. आणि तिथे मोडकंतोडकं का होईना, कन्नड बोला. माणसं आपणहून सोबत येऊन भिंती दाखवतात.

मात्र समोर दिसेल ते सगळं चित्रात घ्यायचं नाही. गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियातली, काँग्रेस गवत तर स्वातंत्र्यानंतर फोफावलेलं. मंगळुरी कौलं आपल्या भागात इतकी मुरलीत की ती पूर्वापार होती असंच वाटतं, पण त्यांचे कारखाने निघाले १८६०च्या दशकात. कित्तूरच्या लढाईत ती घरांवर चढवू नका. धाब्याची घरं आणि गवती छपरं काढा. पेशवाईतली पगडी शिवकाळातल्या मावळ्याच्या डोक्यावर घालणं हाही तसलाच प्रकार, आणि तो चांगल्या चांगल्या हातांकडून होतो.

आता प्रत्यक्ष रंगवण्याकडे येऊ. रंग सहाच घ्या: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ओकर, बर्न्ट सिएना, क्रिमसन आणि अल्ट्रामरीन. ट्यूबमधला तयार हिरवा घेऊ नका. तो आपल्याकडच्या कुठल्याच झाडाशी जुळत नाही. अल्ट्रामरीनमध्ये यलो ओकर घातला की जांभूळ-फणसाचा गडद हिरवा मिळतो, लेमन यलो घातला की भाताच्या खाचराचा. खानापूरकडची तांबडी माती बर्न्ट सिएना, ओकर आणि पांढऱ्यात बसते. पण सावलीत तीच माती जांभळट होते, तिथे थोडा अल्ट्रामरीन आणि क्रिमसन लागतो. नवशिक्या सावलीत काळा घालतो आणि माती मरते.

समजा, येळ्ळूरच्या शिवारातून राजहंसगड काढताय. आठ बाय दहा इंचांचा प्रायमर लावलेला बोर्ड घ्या. बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ करून अख्ख्या बोर्डावर फिरवा आणि आभाळाची जागा चिंधीने पुसून उजळ करा. मग डोळे किलकिले करून बघा: शेताचा बांध सगळ्यात गडद, डोंगर मधला, आभाळ उजळ. हे तीन थर मोठ्या चपट्या ब्रशने टाका. गडाची तटबंदी आणि वरचा शिवाजी महाराजांचा पुतळा शेवटी, तेही दोन-चार फटक्यांत. तासा-दीड तासात ऊन फिरतं, तेव्हा थांबायचं. घरी नेऊन ‘सुधारायला’ बसलात की चित्रातली हवा जाते.

मोठ्या कॅनव्हासवर थरावर थर देताना खालचा थर टर्पेंटाइनचा पातळ आणि वरचा जवसाच्या तेलाचा, हा क्रम मोडू नका. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्याला वेळ लागतो. वरचा थर आधी आवळला आणि खालचा अजून हलत असला की तडे जातात. बर्न्ट अंबर लवकर वाळतो म्हणून तो खाली चालतो, आयव्हरी ब्लॅक फार रेंगाळतो म्हणून नको. वॉर्निशची घाई नको, सहा महिने तरी जाऊ द्या. आणि हे गंमत म्हणून ऐकू नका: तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा नाहीतर दोरीवर पसरून वाळवा.

माणसांसाठी घरचेच लोक उभे करा. काकांच्या हातात काठी द्या, चुलतभावाला धोतर नेसवा आणि प्रसंग ज्या वेळेचा त्याच वेळच्या उन्हात अंगणात उभं करा. नेटवरचे फोटो जोडून केलेल्या लढाईत प्रत्येकाची सावली वेगळ्या दिशेला पडते. घोडा मात्र जत्रेतल्या शर्यतीत जाऊन बघावाच लागतो, त्याला दुसरा उपाय नाही.

क्लासचं म्हणाल तर आठवड्यातून एक दिवस कुणीतरी तुमचं काम बघून खडसावणारं हवं, एवढ्यासाठी लावा. हुबेहूब चित्रणाची परंपरा बेळगावात जुनी आहे. चित्रकार के. बी. कुलकर्णींनी इथे पिढ्या घडवल्या, नामवंत चित्रकार रवी परांजपे त्यांच्याकडेच शिकले. त्या वळणाचे शिक्षक विचारपूस केलीत तर सापडतील. फीपेक्षा ते विद्यार्थ्यांना बाहेर बसवतात का, हे आधी विचारा. नुसते फोटो बघून चित्रं करून घेत असतील तर पैसे प्रवासाला ठेवा.

प्रवास म्हणजे मूळ चित्रं बघायला. कोल्हापुरात राजारामपुरीला नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं संग्रहालय आहे, निसर्गचित्रांसाठी ते बघा. सातारा जिल्ह्यात औंधच्या भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची मूळ चित्रं बघायला मिळतात. चित्रासमोर सरळ उभे राहून झालं की एकदा बाजूने, तिरक्या उजेडात बघा. रंग कुठे जाड ठेवलाय आणि कुठे कॅनव्हासची वीण दिसेल इतका पातळ सोडलाय, हे तेव्हाच कळतं, मोबाइलवर कधीच नाही.