रोजच्या भाताऐवजी नाचणी किंवा जोंधळ्याची भाकरी खाल्ल्याने खरोखर फायदा होतो का?

होय, बेळगाव जिल्ह्यातील खानापूरकडे दोन्ही वेळ भात खाणाऱ्या घरांत एक वेळ नाचणीची किंवा जोंधळ्याची भाकरी आली, तर निश्चित फायदा होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर पांढऱ्या तांदळात ते १० मिलिग्रॅमही भरत नाही, आणि माझ्या मते हाच नाचणीचा सर्वांत मोठा गुण आहे. जोंधळा कोंड्यासकट दळला जात असल्याने त्यातील तंतू टिकतात व पोट साफ राहते. मात्र मधुमेह असल्यास गाळलेल्या, पातळ आंबिलीवर भर देऊ नये, कारण ती लवकर पचून रक्तातील साखर वाढवते. त्याऐवजी जाडसर पिठाची भाकरी उसळीबरोबर, तीही मोजूनच खावी.